लपलेल्या काविळीची गोष्ट

रक्ताच्या शास्त्रात आपल्या मुंबईच्या नावाचा एक गट आहे. जगभरचे डॉक्टर त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. शहराचे नाव बदलले, पण गटाचे नाव तेच राहिले. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याची पहिली नोंद केली. या गटाची माणसे फार थोडी, आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एक. नेहमीच्या तपासणीत त्यांचे रक्त 'ओ' गटाचे दिसते, कारण त्यात 'ए' सापडत नाही आणि 'बी'ही सापडत नाही. परंतु अशा माणसाला 'ओ' गटाचे रक्त दिले, तर त्याच्या जिवावर बेतते. 'ओ' रक्तात 'एच' नावाचा एक घटक असतो. तो या माणसांत नसतो आणि त्यांचे शरीर त्याला परका समजून त्याच्यावर तुटून पडते.

मंडळी, आजच्या विषयाशी या गटाचा थेट संबंध नाही. तरी सुरुवात तिथून केली, कारण 'तपासणीत सापडले नाही' आणि 'मुळात नाहीच' या दोन वाक्यांत केवढे अंतर असते, ते मुंबईच्या रक्ताने तेव्हाच दाखवून दिले होते. त्याच अंतराची दुसरी कहाणी आज सांगायची आहे आणि ती कितीतरी अधिक माणसांना लागू पडणारी आहे. ही कहाणी आहे हिपॅटायटिस बी म्हणजे 'बी' प्रकारच्या काविळीच्या एका लपलेल्या रूपाची. डॉक्टर त्याला 'ऑकल्ट हिपॅटायटिस बी' म्हणतात.

मी कवितेचा माणूस, शिक्षणाने बी.ए. 'ऑकल्ट' हा शब्द मी आधी पाहिला होता तो रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर, हस्तरेषा आणि मंत्रतंत्राच्या पुस्तकांवर. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तेवढा गूढ नाही. त्याचा अर्थ फक्त 'लपलेला'. अरबीतून उर्दूत आलेली शब्दांची एक जोडी आमच्या घरात नेहमी कानावर पडे. जे बाहेर दिसते ते जाहिर आणि जे आत असते ते बातिन. मराठीने त्यातला 'जाहीर' आपलासा केला, 'बातिन' मात्र तितका रुळला नाही. काविळीच्या बाबतीत वैद्यकशास्त्राचेही बराच काळ असेच चालले होते. जे जाहीर होते तेवढेच त्याला दिसत होते.

कावीळ हा तसा प्राचीन काळापासून माहीत असलेला आजार. डोळे पिवळे, लघवी पिवळी, तोंडाची चव गेलेली. माझ्या लहानपणी कोकणातल्या गावोगावी कावीळ 'उतरवणारे' असत. रोग्याच्या गळ्यात झाडाच्या ताज्या देठांची गाठी मारलेली माळ घालत. दिवसागणिक माळ लांब होत जाई आणि कावीळ उतरली असे लोक म्हणत. देठ सुकले की आक्रसतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. इकडे पुष्कळ माणसांची कावीळ काही आठवड्यांत आपोआप बरी होतच असे. माळ लांबली, डोळे पांढरे झाले, की प्रकरण मिटले. चिन्ह गेले म्हणजे रोग गेला, हा हिशेब तेव्हा सगळ्यांचाच होता. तो केवळ गावातल्या वैदूचा नव्हता, शहाण्यासुरत्या डॉक्टरांचाही होता.

सगळ्या काविळी सारख्या नाहीत, याची शंका पहिल्यांदा आली ती सुईमुळे. १८८३ साली जर्मनीत ब्रेमेनच्या जहाजबांधणी कारखान्यातल्या १,२८९ कामगारांना देवीची लस टोचली. त्या काळी ही लस माणसांच्या अंगावरच्या फोडांतील द्रवापासून करीत. पुढच्या काही महिन्यांत त्यांतल्या १९१ जणांना कावीळ झाली. त्याच कारखान्यातले ज्यांना ती लस टोचली नव्हती ते मात्र ठणठणीत राहिले. १८८५ साली ल्यूरमान नावाच्या डॉक्टराने हा सारा तपशील लिहून ठेवला. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकी सैन्यात पीतज्वराची लस दिल्यावर काविळीची मोठी साथ आली. सुमारे ५० हजार सैनिक रुग्णालयात दाखल झाले. त्या लशीत माणसाच्या रक्तातला द्रव मिसळलेला होता. पुढे १९४७ साली मॅकॅलम यांनी काविळीचे दोन प्रकार वेगळे केले. दूषित अन्नपाण्यातून येते ती 'ए' आणि रक्तातून येते ती 'बी'. नावे पडली, पण रक्तातला तो अपराधी कुणी पाहिलेला नव्हता.

तो सापडला तोही दुसरेच काही शोधताना. अमेरिकेतले बारुख ब्लुमबर्ग माणसामाणसांच्या रक्तातल्या प्रथिनांत आनुवंशिक फरक कोणते, याचा अभ्यास करीत होते. ज्यांना अनेकदा रक्त दिले गेले आहे अशा रुग्णांचा रक्तद्रव ते जगभरच्या माणसांच्या रक्तद्रवाशी जुळवून पाहत. हिमोफिलियाच्या एका रुग्णाच्या रक्तद्रवाने ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तद्रवाशी अनोळखी रेघ उमटवली. म्हणून त्या घटकाचे नाव पडले 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'. १९६५ साली तो जगापुढे आला, तेव्हा त्याचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी असावा असे वाटले होते. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना पुष्कळ रक्त चढवलेले असते, हे त्यामागचे खरे कारण नंतर उमगले.

उलगडा झाला एका 'निगेटिव्ह' माणसामुळे. डाउन सिंड्रोम असलेल्या एका रुग्णात आधीच्या तपासणीत हा घटक नव्हता, नंतरच्या तपासणीत तो सापडला. मधल्या काळात त्याच्या यकृताला सूज आली होती. पाठोपाठ १९६७ साली ब्लुमबर्ग यांच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बार्बरा वर्नर आजारी पडल्या. त्यांनी स्वतःचे रक्त स्वतःच तपासले आणि त्यात ऑस्ट्रेलिया अँटिजेन निघाला. ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जगभर हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

आता इथे जरा थांबून हा घटक म्हणजे नेमके काय, ते पाहू. बी विषाणूच्या अंगावर प्रथिनाचा एक अंगरखा असतो. विषाणू हे अंगरखे गरजेपेक्षा कितीतरी जास्त शिवतो आणि रिकामेच रक्तात सोडून देतो. ब्लुमबर्ग यांना जे सापडले ते हे रिकामे अंगरखे. आज प्रयोगशाळेच्या अहवालात 'एचबीएसएजी' म्हणजे सरफेस अँटिजेन असे लिहिलेले असते, ते हेच. अंगरखा दिसला की विषाणू आहे, हे खरे. पण अंगरखा दिसला नाही, तर विषाणू नाहीच, असे म्हणता येईल का? पुढची सगळी कहाणी या एका प्रश्नाभोवती फिरते.

त्याआधी आपल्या सर्वांना ठाऊक असलेले एक उदाहरण घेऊ. १९८२ सालच्या जुलैत 'कुली' चित्रपटाच्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जबर जखमी झाले. त्यांच्यावर मुंबईत उपचार झाले आणि सारा देश त्यांच्यासाठी दुवा मागत होता. त्या वेळी सुमारे २०० दात्यांच्या सुमारे ६० बाटल्या रक्त आपल्याला चढवले गेले आणि त्यांतल्या एकाच्या रक्तातून हिपॅटायटिस बीचा विषाणू आला, असे बच्चन यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. ऑस्ट्रेलिया अँटिजेनची तपासणी जगात तेव्हा होती, पण आपल्याकडे प्रत्येक बाटलीसाठी तिची सक्ती व्हायची होती. अपघातानंतर सुमारे अठरा वर्षे त्यांना काहीच त्रास नव्हता. मग एका साध्या तपासणीत कळले, की यकृताचा ७५ टक्के भाग निकामी झाला आहे. ही गोष्ट सांगायला मोठे धैर्य लागते. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना दक्षिण-पूर्व आशियासाठी हिपॅटायटिसविषयक सदिच्छादूत नेमले.

बच्चन यांची कावीळ शास्त्राच्या भाषेत 'ऑकल्ट' नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. ती तपासली असती तर सापडली असती. माणसाला लक्षणे नसणे हे लपण्याचे पहिले रूप. ऑकल्ट हे त्यापुढचे रूप आहे. इथे माणसाला लक्षणे नसतात आणि नेहमीच्या तपासणीलाही काही सापडत नाही.

याचा पहिला ठोस इशारा १९७८ साली मिळाला. अमेरिकेतले जे. एच. हूफनॅगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ज्या रक्तात सरफेस अँटिजेन मुळीच नव्हता, अशा रक्तातूनही बी कावीळ झाली. त्या रक्तात एक वेगळी खूण मात्र होती. विषाणूच्या अंगरख्याच्या आत एक गाभा असतो, इंग्रजीत कोअर. विषाणू शरीरात येऊन गेला की शरीर या गाभ्याविरुद्ध प्रतिपिंडे म्हणजे अँटिबॉडी तयार करते आणि ती बहुधा जन्मभर टिकतात. पोलीस ठाण्याच्या जुन्या नोंदवहीसारखे हे आहे. संशयित आज गावात दिसत नसेल, पण तो कधीतरी येऊन गेला, एवढे त्या वहीवरून कळते. त्या रक्तात ही कोअर अँटिबॉडी होती.

ही नोंदवही बारकाईने वाचायला अजून साधन हवे होते. १९८३ साली कॅरी म्युलिस यांनी पीसीआरचे तंत्र काढले. कोविडच्या काळात हा शब्द आपल्या घराघरांत पोचला. विषाणूच्या जनुकद्रव्याचा चिमूटभर अंश असला तरी त्याच्या लाखो प्रती काढून तो दाखवणारे हे तंत्र. ते यकृताच्या तुकड्यांना लावले आणि शास्त्रज्ञ चकित झाले. इटलीतल्या सिसिलीत, मेसिना इथल्या संशोधकांनी १९९९ साली हिपॅटायटिस सीच्या २०० रुग्णांचे यकृत तपासले. यांतल्या एकाच्याही रक्तात बीचा सरफेस अँटिजेन नव्हता. तरी ६६ जणांच्या यकृतात बी विषाणूचे जनुकद्रव्य मिळाले. दर तिघांत एक.

२००८ साली सिसिलीतच, ताओर्मिना गावी, जाणकारांनी एकत्र बसून व्याख्या ठरवली. रक्तात सरफेस अँटिजेन सापडत नाही, पण यकृतात बी विषाणूचे जनुकद्रव्य आहे, याला ऑकल्ट हिपॅटायटिस बी म्हणायचे. रक्तात ते द्रव्य असलेच, तर अगदी अल्प.

विषाणू लपतो कुठे? यकृताच्या पेशीच्या केंद्रकात. तिथे तो आपल्या जनुकद्रव्याचे एक लहानसे बंद कडे करून बसतो. हे कडे फार चिवट असते. कावीळ 'बरी' होते, सरफेस अँटिजेन नाहीसा होतो, तरी हे कडे काही पेशींत वर्षानुवर्षे राहते. शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्या दारात पहारा देत असते, म्हणून ते गप्प असते. क्वचित असेही होते, की विषाणूच्या अंगरख्याची वीण बदलते आणि तपासणीच्या किटला तो ओळखू येत नाही. बहुतेक माणसांत मात्र विषाणू मेलेला नसतो आणि मोकळाही नसतो. तो नजरकैदेत असतो.

या ठिकाणी भुईआवळ्याची आठवण होते. काविळीवर भुईआवळा आपल्याकडे घरोघरी माहीत. १९८८ साली मद्रासच्या डॉ. एस. पी. त्यागराजन यांनी ब्लुमबर्ग यांच्यासह 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. भुईआवळा घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून सरफेस अँटिजेन नाहीसा झाला होता. मोठी आशा निर्माण झाली, पण नंतर इतर ठिकाणच्या चाचण्यांत तसे फळ मिळाले नाही. आज मागे वळून पाहताना त्यातला आणखी एक धडा दिसतो. अंगरखा नाहीसा होणे ही चांगली खूण खरीच, पण तेवढ्यावरून घर रिकामे झाले असे ठरत नाही. माळ लांबण्याचा हिशेब प्रयोगशाळेतही वेगळ्या वेशात हजर असतो.

एवढे सारे ऐकून कुणी म्हणेल, की नजरकैदेत आहे ना, मग असू द्या की. बहुतेकांच्या बाबतीत हे म्हणणे बरोबर आहे. लपलेली बी कावीळ असलेली बहुसंख्य माणसे तिच्यामुळे कधी आजारी पडत नाहीत. प्रश्न येतो तो पहारा उठतो तेव्हा. आणि पहारा उठवण्याचे काम आजचे वैद्यक, नाइलाजाने का होईना, स्वतःच करते. याचा अर्थ समजून घ्यायचा, तर आमच्या नवी मुंबईत यावे लागेल.

खारघरच्या डोंगराच्या कुशीत टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संस्था आहे. कर्करोगावरील उपचार, संशोधन आणि शिक्षण हे तिचे काम. तिचे मूळ परळचे. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ साली तिथे कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. योगायोग असा, की बॉम्बे ब्लड ग्रुपचे सालही तेच. २००२ मध्ये ही संस्था खारघरच्या ६० एकरांच्या जागेत आली. टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली देशातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले होते. पुढे प्रत्यारोपणाचा विभागही खारघरला आला. देशाच्या कानाकोपऱ्यांतले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक फायलींच्या पिशव्या छातीशी धरून इथे येतात. आम्ही नवी मुंबईकर त्यांना रिक्षाच्या रांगेत रोज पाहतो.

रक्ताच्या काही कर्करोगांत प्रतिकारशक्तीच्या 'बी' पेशीच बिघडलेल्या असतात. या 'बी'चा त्या 'बी' काविळीशी संबंध नाही, केवळ अक्षराचा योगायोग. अशा कर्करोगावर रिटुक्सिमॅब नावाचे प्रभावी औषध दिले जाते. ते बी पेशींना वेचून संपवते, बिघडलेल्यांना आणि चांगल्यांनाही. त्याने कितीतरी माणसे जगली आहेत. पण या बी पेशी विषाणूच्या पहाऱ्यातल्या शिपाई असतात. त्या गेल्या, की नजरकैदेतला विषाणू उठून बसतो. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २००९ साली लिम्फोमाच्या अशा ४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांचा सरफेस अँटिजेन निगेटिव्ह होता, पण कोअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह होती. रिटुक्सिमॅबसह केमोथेरपी घेतलेल्या २१ जणांपैकी पाच जणांत विषाणू पुन्हा जागा झाला. रिटुक्सिमॅबविना तीच केमोथेरपी घेतलेल्या २५ जणांत एकाचाही नाही. २०१३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधाच्या वेष्टनावर चौकटीतला कडक इशारा छापायला लावला. औषध सुरू करण्यापूर्वी सरफेस अँटिजेन आणि कोअर अँटिबॉडी या दोन्ही तपासण्या करा, असे त्यात सांगितले आहे.

हे सगळे मला कळले ते घरातल्या आजारपणामुळे. माझ्या मावसभावाला लिम्फोमा झाला. डॉक्टरांनी इतर तपासण्यांबरोबर कोअर अँटिबॉडीचीही चिठ्ठी दिली. त्याच्या बायकोने मला फोन केला. "भाईजान, यांची बी कावीळ निगेटिव्ह आलीये. कागद हातात आहे माझ्या. मग ही परत कसली बी?" तिचा प्रश्न रास्त होता. खर्च आधीच हाताबाहेर चालला होता. दुसरी तपासणी झाली आणि ती पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी रोज एक गोळी सुरू केली आणि केमोथेरपी ठरल्या दिवशी चालू झाली. उपचार संपल्यावरही ती गोळी दीड वर्ष चालली. आज तो दुकानावर बसतो.

त्या दिवसांत त्याच्या बायकोचा दुसरा प्रश्न मला अधिक लागला. आवाज खाली करून तिने विचारले, "मुलांची ताटं वेगळी करू का?" नाही. ताट, पेला, मिठी, एका दस्तरखानावरचे जेवण यांतून बी कावीळ पसरत नाही. उघड बी कावीळही अशी पसरत नाही, मग लपलेल्या काविळीची काय कथा? ती पसरते रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाकडे.

गोळी न घेता विषाणू जागा झाला, तर काय होते? कर्करोग आटोक्यात आलेला असतो, घरात गोडधोड झालेले असते आणि काही महिन्यांनी, कधी वर्षभरानेही, डोळे पिवळे होतात. यकृत झपाट्याने निकामी होऊ शकते. कर्करोगातून वाचलेला माणूस काविळीने जातो. एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर यांपैकी एखादी रोजची गोळी वेळेवर सुरू केली, तर हे टाळता येते. सारा भर 'वेळेवर' या शब्दावर आहे आणि वेळेवर म्हणजे विषाणू उठण्याआधी.

खारघरच्याच अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात ४ जून २०२१ रोजी देशातला पहिला 'कार-टी' पेशी उपचार झाला. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून घडलेल्या या उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. 'नेक्सकार१९' हे त्याचे नाव. रुग्णाच्याच पेशींना शिकवून बी पेशींवर सोडण्याचा हा उपचार आहे. आपल्याकडे घडला, परदेशापेक्षा पुष्कळ स्वस्त पडला, याचा अभिमान वाटतो. पण तोही पहारेकऱ्यांना हटवणाराच उपचार. म्हणजे उपचार जसजसे प्रभावी होत जातील, तसतशी लपलेल्या काविळीची चौकशी अधिक गरजेची होत जाणार.

कर्करोगाशिवाय आणखी तीन ठिकाणी ही कावीळ महत्त्वाची ठरते. पहिले यकृत प्रत्यारोपण. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, कोअर अँटिबॉडी असलेल्या दात्यांचे यकृत मिळालेल्या २३ जणांपैकी १८ जणांना बीचा संसर्ग झाला. विषाणू यकृताबरोबरच नव्या घरी आला होता. आज असे यकृत वापरता येते, पण रुग्णाला आधीपासून औषधाचे संरक्षण देऊन. दुसरे ठिकाण हिपॅटायटिस सीचा उपचार. सीच्या नव्या गोळ्यांनी सी विषाणू जातो, तेव्हा शेजारी दबून बसलेला बी डोके वर काढू शकतो. यावरही २०१६ साली इशारा दिला गेला. तिसरे ठिकाण यकृताचा कर्करोग. २००४ सालच्या एका इटालियन अभ्यासात सरफेस अँटिजेन नसलेल्या यकृत-कर्करोगाच्या १०७ रुग्णांपैकी ६८ जणांत बीचे जनुकद्रव्य मिळाले. ज्यांचे यकृत आधीच दुखावलेले आहे, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आणि रक्तदान? गणेशोत्सव असो, आंबेडकर जयंती असो की ईद-ए-मिलाद, आमच्या नवी मुंबईत रक्तदान शिबिरे होतात. ती झालीच पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकणाऱ्या धंदेवाईक दात्यांवर बंदी आली, तेव्हापासून सगळी मदार स्वेच्छेने देणाऱ्यांवर आहे. प्रत्येक बाटलीवर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्या सक्तीच्या आहेत. त्यातली बीची तपासणी म्हणजे सरफेस अँटिजेनची. अमेरिकेने १९८०च्या दशकातच दात्यांची कोअर अँटिबॉडीही तपासायला घेतली. जपानने १९९९ पासून जनुकद्रव्य शोधणारी 'नॅट' तपासणी सुरू केली. आपल्याकडे नॅट काही रक्तपेढ्यांत आहे, सगळीकडे नाही. कोअर अँटिबॉडी सर्व दात्यांना लावली, तर ती इतक्या जणांत निघेल, की पुष्कळ निर्धोक रक्तही ओतून द्यावे लागेल आणि बाळंतपणात, अपघातात रक्तावाचून माणसे दगावतील. धोका दोन्हीकडे आहे. रक्त घ्यायची वेळ आली, तर न घाबरता घ्यावे. नॅट केलेले रक्त मिळू शकेल का, हे विचारण्यात मात्र गैर काही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी होता. हा आकडा उघड बी काविळीचा. लपलेली कावीळ यात नाही. नव्या पिढीचे भाग्य बरे आहे. बीची लस २००२-०३ मध्ये काही जिल्ह्यांत आणि शहरांत सरकारी कार्यक्रमात आली आणि २०११ पर्यंत देशभर पोचली. बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत पहिला डोस देतात. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

राहिलो आम्ही, पन्नाशी ओलांडलेले. आमच्या लहानपणी डॉक्टरांचा कंपाउंडर काचेची पिचकारी आणि सुया स्टोव्हवरच्या भांड्यात उकळत असे आणि रांग मोठी असली की उकळणे आटोपते घेतले जाई. न्हाव्याचा वस्तरा सगळ्या गल्लीला एक. बायकांचे गोंदण, मुलींचे कान टोचणे, आमच्याकडची सुंता, सगळे तसेच. हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस तग धरतो. कुणाला कुठून काय मिळाले, ते आता शोधून सापडायचे नाही आणि शोधण्यात अर्थही नाही. दोष कुणाच्या चारित्र्याचा नाही.

म्हणून तुमच्या घरात कुणाला केमोथेरपी, रिटुक्सिमॅब, दीर्घकाळ स्टिरॉइड, संधिवातावरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे किंवा कुठलेही प्रत्यारोपण सुरू व्हायचे असेल, तर डॉक्टरांना नम्रपणे एक प्रश्न विचारा: "सरफेस अँटिजेन निगेटिव्ह आहे, पण कोअर अँटिबॉडी पाहिली का?" ती पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका. उपचार थांबवावे लागत नाहीत, बहुधा गोळी सुरू करावी लागते किंवा ठराविक दिवसांनी रक्त तपासत राहावे लागते. गोळी मनाने बंद मात्र करू नका. आणि हॉस्पिटल बदलले, गाव बदलले, तर तो कोअर अँटिबॉडीचा कागद फायलीत सगळ्यात वर ठेवा. पुढच्या डॉक्टराला तो मागावा लागू नये.